माझ्या नावाखालचं

८ फेब्रु. २००५, मंगळ.
वर्षाचे पैसे भरले. आता माझ्या ई-मेलला जाहिराती नाहीत. निपाणीला फोन करून इक्बालभाईंना लगेच सांगितलं. आक्काला पोस्टाचं पत्र आठ दिवसांनी पोचतं, आणि माझं अक्षर कुणाला लागत नाही. ई-मेल इंग्रजी अक्षरांतलं, ते तिला येत नाही. म्हणून इ.भाई आपल्या सायबर कॅफेत दर मंगळवारी तिला वाचून दाखवतात. आजवर खालच्या जाहिराती गाळत. म्हटलं, भाई, आता काही गाळू नका, खाली येईल तेही माझंच.
"फिकर मत करो बाई. एक अक्षर सोडणार नाही."
आमच्या घरात मुद्द्याचं नेहमी ता.क.मध्ये. आक्काचं लग्न ठरल्याचं आईनं मला हॉस्टेलवर ता.क.मध्येच कळवलं होतं.

१५ फेब्रु.
सकाळी आक्काला लिहिलं. लोणचं, पेठेतलं लग्न, माझी पाठ. दाजी जाऊन तीन वर्षं झाली. तू दिवसभर काय करतेस गं, हे विचारायचं होतं. याही वेळी नाही विचारलं.

१७ फेब्रु.
महेश आला, आक्काचा मुलगा. शिरोलीच्या फौंड्रीतून तडक, हात काळेच. चहाला नको म्हणाला. माझ्या मंगळवारच्या पत्राची कॅफेत छापलेली प्रत टेबलावर आपटली.
"मावशी, आईचं लगीन लावाया निघालीस व्हय?"
माझ्या नावाखाली, इंग्रजीत: एकटं वाटतंय? पुन्हा जोडीदार शोधा. आजच नाव नोंदवा.
इ.भाईंनी मराठी करून, मोठ्यानं वाचलं. दुकानात पाच-सहा बायका. आक्का उठून गेली.
"अरे, जाहिरात आहे ती."
"जाहिरात येत न्हाय म्हणून तूच सांगितलंस की! पैसं भरलंस न्हवं?"


१८ फेब्रु.
कंपनीला फोन. पाऊण तास गाणी ऐकवली. मग एक मुलगी, आवाज गोड.
"मॅडम, तुमच्या पानावर जाहिरात दिसते का? नाही ना? बाहेर जाणाऱ्या पत्राखाली असते ती सूचना."
म्हणजे मला दिसू नये, एवढ्याचेच पैसे. लोकांच्या घरात माझ्या सहीखाली काहीही जाऊ दे.
वीस वर्षं लिहितेय. संपादकांना स्वल्पविराम हलवू दिला नाही. हे कोण टिकोजीराव? तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, आपला दिवस शुभ जावो.

२२ फेब्रु., मंगळ.
आक्काचं उत्तर नाही. इ.भाईंचा फोन: "बाई, माझ्याकडून घाण झाली. बहन आल्याच नाहीत." म्हटलं, घाण तुमची नाही.
कंपनीला तिसरं पत्र. आता प्रत्येक पत्राच्या शेवटी ठोकते: माझं पत्र इथं संपलं, याखालचं एक अक्षर माझं नाही. त्यांनी आभार मानले. त्या आभारांखाली वजन कमी करायची जाहिरात. सोडत नाही यांना.

२५ फेब्रु.
निपाणी. एस.टी.त पूर्ण भाषण तयार केलं होतं. आक्का भाकरी थापत होती. वर बघितलं नाही.
"आक्का, ती जाहिरात होती. मी नव्हतं लिहिलं."
हात थांबला.
"व्हय? तू न्हवतीस?"
"आईशपथ."
भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं. "मग बरं झालं म्हणायचं. मी आपली उत्तर काय द्यावं म्हणून धा दिस इचार करत बसले हुते, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लग्न होऊन तिकडं गेल्यापासून मला तेच म्हणते.
"रागावली होतीस ना?"
"बायकांम्होरं लाज वाटली की. पर तीन वर्सांत कुणी इचारलं न्हवतं बघ. मला वाटलं, तू इचारलंस."
भाकरी फुगली. तिनं माझ्या ताटात वाढली. भाषण पिशवीतच राहिलं.

१ मार्च, मंगळ.
खातं बंद केलं. मुलगी म्हणाली, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. म्हटलं, पैसे ठेवा. माझ्या बहिणीच्या नावानं माफीचं पत्र पाठवा, मराठीत, आणि खाली काही न चिकटवता. "मॅडम, तशी सोय नाही." मग सोय करा. दर सोमवारी फोन करणार आहे.
आक्काला हातानं पत्र. ठळक, सुटं अक्षर, शाळेतल्यासारखं. ती लावत लावत वाचेल, एकटीच. लोणच्यापर्यंत भराभर झालं. ता.क.पाशी अडले. तीनदा खोडलं. काहीही लिहायला गेलं की जाहिरातीचेच शब्द येतात.
येऊ देत. त्यांच्या आधी ते माझे होते, मीच वापरले नाहीत.
ता.क. एकटं वाटतं का गं तुला?
जाहिरातीत 'गं' नव्हता.
पाकीट पेटीत टाकून आले. काय उत्तर येतंय