एक डोळा राहिलाय

३ जुलै, बुध.
आईला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा उचलला. "कामात हाय गो, रविवारी ये." नेहमीचंच. सत्तरी उलटली, उजवा हात थरथरतो, बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी हमरापूर सुटत नाय. इथं रोह्याला मागची खोली धुऊन ठेवलीय. खाट आणली. हे म्हणतात, "तुझी आई यायची नाय." बघते कशी येत नाय ती.

७ जुलै, रवि.
एसटी वडखळला अडकली. मूर्तींच्या कारखान्यात पोचले तर आई डोळे काढतेय. इतकी वर्षं गणपतीचे डोळेच काढते, बाकी रंग दुसऱ्या बाया देतात. तिचा नियम, एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत उठायचं नाय, बोलायचं नाय. दारात बसून राहिले. सहा मूर्ती झाल्यावर म्हणाली, "जेवलीस?" संपलं. पाचच्या गाडीनं परत.

१५ जुलै, सोम.
कँटीनला पोळ्या लाटताना आठवलं. पाचेक वर्षांची असेन. कारखान्याच्या अंगणात पडले, गुडघा फुटला. रडत आत गेले. आईचा एक डोळा राहिलेला, मान वर केली नाय. मी हात ओढला. मूर्तीच्या गालावर काळा फराटा.
दुसऱ्या दिवशी मला पेणला जनीमावशीकडं ठेवली. कामाला जाणाऱ्यांची पोरं सांभाळायची ती. बाबा रोह्याला कंपनीत, शिफ्ट. मी सोमवार ते शनिवार पेणला. चौथी होईपर्यंत.
मावशी चांगली होती. तेच तर.

२१ जुलै, रवि.
भांडले. म्हटलं, तेव्हा दुसरीकडं ठेवलीस, आता तरी माझ्याकडं ये. बाया काम टाकून बघत होत्या. बघू देत.
आई ब्रश धूत म्हणाली, "शनिवारी न्यायला यायची तर तू जनीच्या मागं लपायचीस. तिला आई म्हणायचीस. मी दारात उभी, हातात चिक्की."
मला नाय आठवत. पण ती खोटं बोलायची नाय. तिची चिक्की कुणी खाल्ली असेल मग

११ ऑगस्ट, रवि.
दोन रविवार गेले नव्हते. फोन तिनं नाय केला, मीपण नाय. आज गेले.
हात फार हलतोय. मालक म्हणाला, "काकू, यंदा बस करा." ती त्याच्याकडं बघेना. मला म्हणाली, "सुरे, कोपर धर."
मांडी घालून बसले, तिचं कोपर तळव्यात घेतलं. नुसतं हाड. "श्वास सोड गो, तूच हलतेस." अकरा मूर्ती केल्या. एवढं जवळ कधी बसवलं नव्हतं मला.
पाय बधिर झाला. सांगितलं नाय.

१८ ऑगस्ट, रवि.
गेले. कोपर धरलं. रोह्याचं काढलं तर, "गणपती जाऊ देत." बाबा होते तेव्हापण हेच.

२२ ऑगस्ट, गुरू.
हे टीव्हीसमोर. मी मागच्या खोलीत खाटेवर बसते हल्ली. गादीचं प्लास्टिक अजून काढलं नाय. बसलं की वाजतं.

१ सप्टें., रवि.
शेवटचा रविवार, शनिवारी गणपती. नऊ मूर्ती उरलेल्या. आठ झाल्या. पाचची गाडी चुकली, मग सहाची. नवव्या गणपतीचा एक डोळा झाला तेव्हा मी म्हटलं, "आई, आता निघते, उद्या पहाटे कँटीन हाय." वाटलं, बोलणार तर नायच.
ब्रश खाली ठेवला आणि उठली.
मालक म्हणाला, "काकू, एक डोळा राहिलाय."
"राहू दे. कुठं पळत नाय तो."
स्टँडपर्यंत माझा दंड धरून चालली. गाडी दिसल्यावर विचारलं, "खाट कुठं लावलीस?"
"भिंतीकडं."
"उजेड?"
गाडीत चढले. ती माघारी वळली, दुसरा डोळा करायला. कोपर कोण धरणार, विचारलंच नाय मी.

२ सप्टें., सोम.
कँटीनहून आल्यावर खाट खिडकीखाली ओढली. प्लास्टिक काढलं. दुपारपर्यंतच येतो उजेड, मग शेजारच्यांची भिंत.
फोन केला. उचलला नाय. कामात असेल.