चित्र आधी कुणी काढलं

९ नोव्हेंबर, दुपारी तीन

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, बायको त्याहून जास्त. दाजींचा खोकला थांबला का?

आमच्या उडत्या तबकड्यांच्या मंडळात सध्या चांगलीच जुंपली आहे. मास्तर म्हणतात, ती यानं परग्रहावरचीच. डॉक्टरीणबाई म्हणतात, छे, माणसाचं मनच सगळं रचतं. घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे, त्याच्या मते ती इथलीच, फक्त आपल्याला न दिसणाऱ्या जगातली. गंमत म्हणजे तिघंही पुरावा म्हणून एकच चित्र नाचवतात. तुझं. पालथी ताटली, खाली तीन दिवे.

परवा ते पुन्हा भिंतीवर लावलं. खिडकीतून ऊन आलं, कागद हळूहळू उजळत गेला, आणि मला चक्क तू दिसलीस. त्या दुपारी तळ्यावरून परत आलेली, केस ओले, चप्पल एकाच पायात. "दोन तास होतीस कुठे?" आईने विचारलं तर नुसती हसलीस. इतकी शांत तू त्याआधी कधी दिसली नव्हतीस, नंतरही नाही.

आता सांगूनच टाकतो. आमचा पहिला नियम असा, की साक्षीदाराला कोरा कागद द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, उतावळा. तू म्हणालीस, "सांगता येत नाही रे." मग मीच पेन्सिल घेऊन काढलं आणि विचारलं, "असं होतं?" तू बराच वेळ बघत राहिलीस. "असेल," म्हणालीस आणि ते गिरवलंस. अहवालात मी लिहिलं, 'साक्षीदाराने स्वतः काढले.'

ते चित्र गावभर झालं आणि त्यापायी तुझी शाळेतली नोकरी गेली. लोक 'तबकडीबाई' म्हणून हसले. तू ब्र काढला नाहीस, उलट मलाच धीर देत राहिलीस. लाज वाटते गं मला.

पुढच्या महिन्याच्या सभेत मी हे सगळ्यांसमोर कबूल करणार आहे. तिघंही तुटून पडतील, पडू देत. मला भीती वेगळीच आहे. तू खरंच जे पाहिलंस ते माझ्या रेघांखाली कायमचं गेलं तर नसेल?

ताई, त्या दुपारी काय झालं होतं? तीस वर्षांत मी हे तुला एकदाही विचारलं नाही. यान असो, भास असो, नुसतं ऊन असो. काहीच आठवत नसेल तर तेही सांग.

फार उशिरा ऐकायला बसलेला,
तुझा धाकटा