जामीनदाराचे शर्ट

प्रिय शहाण्या,

तुझे शर्ट या पत्रासोबत पाठवतेय. कॉलर कडक, बाह्यांना एकच घडी, तुला लागते तशी. निळ्या शर्टाच्या खिशावरचा शाईचा डाग काही निघाला नाही. पेन उलटं खोचायची खोड तुला शाळेपासून आहे, आता काय सुधारणार! पत्र वरच्याच शर्टाच्या घडीत ठेवलंय. फोन करणार होते, पण मी तावातावाने बोलायला लागले असते, तू तुझ्या त्या मऊ आवाजात ‘ताई, आधी शांत हो बघू’ म्हणाला असतास, आणि मी खुळी खरंच शांत झाले असते. म्हणून लिहायला बसले.

आठवतं का, मोठ्या मशीनचं खूळ तुझंच. बाबा गेल्यावर मी लॉन्ड्री हातात घेतली, तेव्हापासून आपलं दोन टाक्या आणि एक इस्त्रीचं टेबल एवढंच होतं, आणि त्या टेबलाखाली बसून तू अभ्यास करायचास. वरून वाफ, खालून तुझी बडबड. गिऱ्हाइकांच्या हिशोबातल्या चुका काढायचास म्हणून तर शहाण्या नाव पडलं. नोकरी लागल्यावर एकदा दुकानात येऊन म्हणालास, ताई, किती दिवस हाताने चादरी पिळणार, हॉटेलचं काम घे, मशीन घे, आमची बँक काय परकी आहे? मी म्हटलं, कर्जबिर्ज नको रे मला. तर म्हणालास, मी आहे ना जामीन. किती मिरवलं मी ते! येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, माझा भाऊ जामीन राहिलाय. एका बाईने तर कंटाळून स्वतःचे पडदे न घेताच पळ काढला.

मग हॉटेल बंद पडलं. त्यात ना तुझा दोष, ना माझा. पण मशीनचं पोट भरत होतं ते त्यांच्या चादरींवर. शेजारपाजारच्या चार कपड्यांसाठी ते चालवायचं म्हणजे नुसती विजेची उधळपट्टी. गाठीला होतं ते हप्त्यात गेलं, मग स्कूटर गेली, मग इस्त्रीवाल्या मावशींना म्हटलं, अर्धा दिवस या. मावशी नुसतं टेबल पुसत राहिल्या. त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तूच वाट दाखवलीस. हप्ता निम्मा करून मुदत वाढवून मागायची, अडचणीतल्या माणसाला बँक देते, त्यात लाजायचं काय. मी स्वतः जामीन आहे, त्यामुळे मला फाईलला हात लावता यायचा नाही, पण कर्जाच्या बाई माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात, कानावर घालून ठेवतो, म्हणालास. त्या रात्री मी किती दिवसांनी डाराडूर झोपले.

अर्ज दिल्यावर बँकेत बोलावणं आलं तेव्हा मी बाकड्यावर बसून तुमच्या लोकांच्या पाठी बघत होते. निम्म्या शर्टांची इस्त्री माझीच. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा धागा वेगळा, कॉलरच्या आत टाका घातला की कपडे एकमेकांत मिसळत नाहीत. कॅशियरचा हिरवा, तुमच्या साहेबांचा पिवळा. तुझा पांढरा. चुकून कुणाला दिसला तर बरं दिसत नाही म्हणालास, म्हणून पांढऱ्यावर पांढरा टाका घालते मी, डोळे फोडून. तू काचेपलीकडे फोन कानाला लावून माझ्याकडे पाठ करून बसला होतास. मला वाटलं, कामात आहे बिचारा.

कर्जाच्या बाई चांगल्या आहेत रे. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, अर्ज नामंजूर झाला. मी विचारलं, का? तर हसून म्हणाल्या, जामीनदाराला विचारावंच लागतं, तुमच्या भावाला विचारलं. ते म्हणाले, माझी ताई उपाशी राहील, पण हप्ता चुकवणार नाही. मग कमी कशाला करायचा, तुम्हीच सांगा! त्यांना वाटलं, त्या माझं कौतुकच सांगतायत. आणि मी काय केलं माहीत आहे? मी थँक्यू म्हणाले. पर्स उचलली आणि थँक्यू म्हणून बाहेर पडले.

त्यानंतर तुझी वकिली मीच करत होते. अभिमानाने बोलून गेला असेल, बाईंनी उलटा अर्थ घेतला असेल, साहेबांसमोर बहिणीची लाज राखली असेल. एक ना दोन. मावशी म्हणाल्या, सरळ त्याला विचारा ना. मी त्यांच्यावरच खेकसले. त्याच आठवड्यात त्या दुसरीकडे कामाला लागल्या, पूर्ण दिवसाच्या. जाताना इस्त्रीची वायर नीट गुंडाळून गेल्या.

आणि मग तुझी बायको आली, नव्या घराचे पडदे शिवण्याआधी धुऊन घ्यायला. आनंदाने नुसती फुलली होती. म्हणाली, ताई, तुमच्यामुळे घर झालं. तुमचा हप्ता कमी झाला असता तर जामीनदार म्हणून यांचंच कर्ज अडकलं असतं, पण तुम्ही समजून घेतलंत, स्वतःच यांना सांगितलंत की मी भरेन पूर्ण, तू घर घे. असं म्हणून माझ्या पाया पडली रे ती! तिचा चेहरा बघून मी पडद्याचं कापड मोजायला घेतलं.

शहाण्या, केसाने गळा कापलास. घर घेतलंस याचा राग नाही. तू येऊन म्हणाला असतास की ताई, माझं घर अडकतंय, अर्ज मागे घे, तर मी त्याच पावली जाऊन मागे घेतला असता. हे तुला माहीत होतं. तरी तू विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर माझे उपकार झाले असते. त्यापेक्षा मला न विचारता माझा होकार घरी सांगून मोकळा झालास. माझं उपाशी राहणं तुझ्या तोंडून किती सहज निघालं! तेवढं एकच वाक्य मला इस्त्री करताना, जेवताना, दिवसभर ऐकू येतं.

आता हे का लिहितेय ते सांगते. काल मी बँकेत गेले होते. तू साइटवर, घराची फरशी बघायला गेला होतास म्हणे. बाईंना सांगितलं, मशीन घेऊन जा, विकून येईल ते जमा करून घ्या, माझ्याच्याने पुढे होणार नाही. इस्त्रीचं टेबल माझं आहे, माझ्या एकटीच्या पोटापुरतं ते देईल. त्या म्हणाल्या, आणि उरलेलं कोण भरणार? मी म्हटलं, जामीनदार आहे ना. काळजी करू नका, माझा भाऊ उपाशी राहील, पण हप्ता चुकवणार नाही. त्या या वेळी हसल्या नाहीत. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. बँकेची नोटीस तुला मिळेलच, हप्ता पगारातून कापतील म्हणाल्या. ती टेबलावर अचानक येऊन पडू नये म्हणून आधी कळवतेय. मला कुणी आधी कळवलं नव्हतं, तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. बायकोला खरं काय ते तूच सांग, माझ्याकडून तिला कळणार नाही. पांढरे टाके सगळे काढलेत. आता दुसरी लॉन्ड्री बघ, आणि कॉलर कडक हवी म्हणून पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर मऊ ठेवतात.

अजूनही, इलाज नाही म्हणून, तुझीच,
ताई