थप्पी क्रमांक तीनचा आलेख

४ फेब्रुवारी
दोन महिने एक ओळ लिहिली नाही. स्वतःची क्षमा मागितली. थोड्या आढेवेढ्यांनंतर दिली. आता नियमितपणा.
गोदामात तीन नंबरच्या थप्पीला, अठराशे पोती गव्हाला, कीड लागली आहे. वीस तारखेला विभागप्रमुख तपासणीला येणार. धुरी देण्याची जुनी पद्धत अशी: थप्पीवर ताडपत्री, आत विषारी गोळ्या, कडेने वाळूच्या पिशव्या आणि सात दिवस नुसते बसून राहायचे. यात निरीक्षण कुठे आहे? मी बी.एस्सी. आहे. सुधारित पद्धत: रोज सकाळी एक कोपरा उचलून मेलेले किडे मोजणे. आलेख काढणे.

७ फेब्रुवारी, सकाळी ९
काल गोळ्या ठेवल्या. मुकादम म्हणाला, साहेब, उघडलं की वायू निघून जातो, किडा नुसता सुस्तावतो. त्याची बावीस वर्षे नोकरी, पण एकही आलेख नाही. उचल म्हटले. उचलली. मेलेले: ६३.

८ फेब्रुवारी
मेलेले: ५७. शंका आली, पुन्हा उचलायला लावली. ५२. कालपासून अकरा जण चालत गेले असावेत. मुकादम म्हणाला, मेले होते ना हो ते? मी ५२ ची नोंद केली.

१० फेब्रुवारी
मुकादमाला उलटी झाली. उपाशीपोटी चहा पितो. तो वाकून मोजतो, मी दारातून आकडे लिहून घेतो. तरी माझे डोके दुखते. अतिविचार. बायको म्हणाली, अरे, त्याला घरी पाठव. ती आर्ट्सची.

१३ फेब्रुवारी
ताडपत्री काढली. किडे तरतरीत.

२० फेब्रुवारी
विभागप्रमुखांनी मूठभर गहू तळहातावर घेतला. तो हलू लागला. म्हणाले, याला ट्रक कशाला, चालत जाईल. लेखी अहवाल मागितला.

२१ फेब्रुवारी
अहवाल दिला. ‘धुरीच्या काळात ताडपत्री वारंवार उचलली गेली.’ कोणी, ते लिहिले नाही. कोणावर ठपका ठेवायचा नव्हता. खोटे एक अक्षर नाही. चारदा तपासले.

२६ फेब्रुवारी
अहवालावरून मुकादमाला काढले. मी अन्याय केला का? जेवणाच्या सुट्टीत पूर्ण वीस मिनिटे स्वतःची उलटतपासणी घेतली. ताडपत्री त्यानेच उचलली, हे खरे. मी निर्दोष. जाताना तो म्हणाला, तुम्ही तिथेच होतात ना, साहेब. होतो. पण दारात.

२ मार्च
पुन्हा गोळ्या ठेवल्या. मोजायला एकही हमाल तयार नाही. ठीक, स्वतः जाईन. दारापर्यंत गेलो. रक्तदाबाची शंका आली. आठवड्याची रजा.

१० मार्च
रजेवरून परत. माझ्या मागे ताडपत्रीला कोणी हात लावला नव्हता. किडा न् किडा मेलेला. चार घमेली भरली. आलेख मात्र निघत नाही, एकच ठिपका पडतो. विभागप्रमुखांचा फोन आला. म्हणाले, मुकादम गेला आणि काम झालं, बघा. मी हो म्हणालो. फोनवरचे ‘हो’ म्हणजे साक्ष नव्हे.

११ मार्च, संध्याकाळ
मुकादम फाटकाशी आला होता. दुसऱ्या गोदामात जागा आहे, पण तिथे माझ्या सहीचे पत्र हवे. किडे मेल्याचे ऐकून खूश झाला. बंद ठेवलीत ना, झालं तर मग, म्हणाला. मी कुणापाशी काही बोललो नाही, साहेब, तुम्ही तेवढं लिहून द्या.
मनाला लागले. घरी येताच पत्र लिहिले: मेहनती, अनुभवी, विश्वासू. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, मग एवढ्या विश्वासू माणसाला काढलं कशाला? उगाच टोचून बोलते. पण मुद्दा बरोबर आहे. हे पत्र विभागप्रमुखांच्या हाती पडले तर तेही हेच विचारतील.
उद्या: पत्रातला ‘विश्वासू’ काढणे.