वेब्ली बॅगेतून का येणार नाही

ॲन आर्बर, मिशिगन
१७ सप्टेंबर २००६

ती. सुहासिनीआत्या,

साष्टांग नमस्कार (माझ्या खोलीत साष्टांग घालण्याइतकी मोकळी जमीन नाही, तेव्हा खुर्चीतूनच घातला असं समज). तुझ्या गुडघ्यातलं पाणी काढल्याचं बाबांनी कळवलं. किती काढलं हे त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे मला काही मत देता येत नाही. मी बरी आहे. लॅबमध्ये लोखंडाचे तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवते आणि ते किती गंजले ते मोजते. अजून दोन वर्षं हेच.

तुझं पत्र मिळालं. पुरुषोत्तमकाका गेल्यावर त्यांची सातही पिस्तुलं मीनाक्षीकाकूने पाच महिन्यांत घराबाहेर काढली, वर्षश्राद्धापर्यंत तरी थांबायचं होतं, निदान आजोबांकडे होती तसली ती वेब्ली रिव्हॉल्वर मिरजेच्या देवघरात यायला हवी होती, आणि म्हणून तू जुलैपासून काकूशी बोलत नाहीस, हे समजलं. आता ती वेब्ली कुणाकडून तरी परत मिळवावी, सुटी करावी आणि डिसेंबरात येताना नळी माझ्या बॅगेत, मूठ माझ्याबरोबर येणाऱ्या राजीवदादाच्या बॅगेत आणि मधलं चक्र बदामांच्या पिशवीत घालून आणावं, अशी तुझी योजना आहे. आत्या, योजना मी तपासली. एक्स-रेमध्ये चक्र बदामांसारखं दिसत नाही. शिवाय मुंबईला उतरल्यावर लायसन्स विचारतील, आणि ‘आमच्या वडिलांकडे अशीच होती’ एवढ्यावर लायसन्स मिळत नाही, हे फौजदाराच्या मुलीला मी सांगायला नको.

काका शनिवारी सकाळी काय करायचे हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. आठवड्याचे पाच दिवस ते विमा कंपनीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचे. शनिवारी ओहायोतल्या डब्लिनच्या घरातून एक लोखंडी पेटी घेऊन निघायचे आणि कोलंबसच्या पलीकडे, मक्याच्या शेतांमधल्या एका नेमबाजीच्या क्लबात जायचे. पेटीत दोन पिस्तुलं आणि काकूने दिलेला पोह्यांचा डबा. दोन महायुद्धांत वापरलेली पिस्तुलं त्यांनी वीस वर्षांत एकेक करून जमवली: जर्मन, रशियन, अमेरिकन आणि ती इंग्रजी वेब्ली, जी मधोमध मोडून उघडली की रिकामी काडतुसं आपोआप वर उचलून बाहेर टाकते. हे बघायला त्यांना इतकं आवडायचं की गोळ्या झाडणं हे त्यापूर्वीचं एक आवश्यक काम होतं. नेम वाईट होता. मी मोजला आहे. पंधरा यार्डांवरून सहापैकी सरासरी दोन कागदाला लागायच्या. मी आकडा सांगितला की म्हणायचे, “ते सोड यार, आवाज ऐक आवाज!” (दोघांच्याही कानांवर आवाज बंद करणारी झाकणं असायची.) सख्ख्या पुतणीला यार म्हणणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगते, कारण बाबांना मी ‘काकांबरोबर फिरायला जाते’ एवढंच कळवलं होतं. विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी माणसाला इथे बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, पण त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर मनाई नाही. (हा कायदा मी तीनदा वाचला. तो तसाच आहे.) काका म्हणाले, “मग काढ की परवाना!” परवान्यासाठी सुरक्षिततेचा कोर्स होता. एका चर्चच्या हॉलमध्ये मी दहा-बारा वर्षांच्या एकोणीस मुलांबरोबर बसले, हरणाच्या चित्रावर फुफ्फुसं कुठे असतात ते दाखवलं आणि पन्नासपैकी पन्नास मिळवले. तेव्हापासून जन्मात अंडं न खाल्लेली मी कागदोपत्री ससे आणि खारी मारू शकते. काकांनी त्या दिवशी क्लबात सगळ्यांना पेढे वाटले. पेढा म्हणजे काय हे विचारणाऱ्याला त्यांनी सांगितलं की पुतणी शिकारी झाली की आमच्यात हे वाटतात.

आता पिस्तुलांवरच्या डागांबद्दल. यात तुझाही हात आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. दर खंडेनवमीला तू मिरजेहून फोन करायचीस आणि काकू तुझ्या सांगण्याप्रमाणे सातही पिस्तुलं पाटावर मांडून शस्त्रपूजा करायची. “कोरडं कुंकू लावू नकोस गं, गळतं. पाण्यात कालव,” हे तुझं. त्यावर ओल्या अक्षता, वर झेंडू, आणि दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. जुन्या पिस्तुलावर निळसर काळा थर असतो. तो कारखान्यातला मूळचा असेल तरच संग्राहकाला त्यात रस. ओलं कुंकू, वर ओलं फूल आणि चोवीस तास, म्हणजे माझा लॅबमधलाच प्रयोग, फक्त मंत्रांसकट. वीस वर्षांत प्रत्येक पिस्तुलावर शर्टाच्या बटणाएवढा तपकिरी डाग पडला, सगळ्यांवर एकाच जागी, कारण काकू शिस्तीची. मी काकांना म्हटलं की निदान वेब्लीला कोरडं लावायला सांगा. ते म्हणाले, “तू सांग ना. तू इंजिनियर आहेस.” मी सांगितलं नाही. त्यांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. दसरा झाला की तळघरात जाऊन तासभर तेलाचं फडकं फिरवत बसायचे आणि वर येऊन “काय सुंदर पूजा झाली!” म्हणायचे.

फेब्रुवारीत ते गेले. क्लबात नाही, पिस्तूल हातात नाही. घरासमोरचा बर्फ काढताना, फावड्यावर रेलून. काकू खिडकीत होती आणि तिला वाटलं, दमले म्हणून थांबलेत. तिने चहा टाकला. हे तुला माहीत आहे. पण मला ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

पिस्तुलं काकूने काढली नाहीत. मी काढली. तळघरातली आर्द्रता मी मोजली, ती बासष्ट टक्के भरली, आणि तेलाचं फडकं फिरवणारं आता कुणी नाही. म्हणून जुलैतल्या एका रविवारी दुपारी मी काकांचे क्लबातले मित्र वॉल्टर यांना फोन केला. हे निवृत्त लेथ मशिनिस्ट. वय एक्क्याऐंशी, बोलणं कमी. त्यांनी सगळी ट्रकमधून नेली आणि ऑगस्टमध्ये जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या प्रदर्शनात टेबल मांडलं. मी मदतीला होते. लोक यायचे, ते जर्मन लुगर उचलायचे, भिंग लावायचे आणि डागापाशी थांबायचे. “हे काय झालंय?” मी पहिल्या चौघांना रसायनशास्त्र सांगितलं. पाचव्याला वॉल्टरनी मला थांबवून स्वतःच सांगितलं, “याच्या घरी वर्षातून एकदा याला नमस्कार करायचे. तू तुझ्या बंदुकीला कधी केलायस?” तो माणूस ओशाळला आणि लुगर घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत सहा गेली. वेब्लीवरची किमतीची पाटी वॉल्टरनी आधीच काढून ठेवली होती. म्हणाले, ही माझ्याकडे राहील, पुरुषोत्तमसारखा वाईट नेम असलेला माणूस मला परत भेटणार नाही. मी हो म्हटलं. हे तुला न विचारता केलं, त्याबद्दल राग आला असेल तर तो योग्य आहे.

सगळ्यांना नमस्कार. गुडघा दुमडून बसू नकोस.

तुझी,
यामिनी

ता. क. १. आर्द्रतेचा आकडा खरा आहे, पण बासष्ट टक्क्यांसाठी कुणी हायवेवरून मागे फिरत नाही. त्या रविवारी सकाळी मी निघत होते. काकू भांडी पुसता पुसता म्हणाली, “अगं, त्या वेब्लीत गोळ्या कशा गं घालतात? ह्यांनी मला कधी दाखवलंच नाही.” प्रश्न तांत्रिक होता. मी उत्तर दिलं, नीट, क्रमाने. “अच्छा,” म्हणाली आणि मला पोळी-भाजी बांधून दिली. सव्वा तासाने, फिंडले गावाच्या एक्झिटपाशी, माझ्या लक्षात आलं की काकूने आजवर एकाही यंत्राविषयी मला काही विचारलेलं नाही. मी वळले. परतीचे ते पाऊण तास मी किती वेगाने चालवले, ते कुठेही नोंदवलेलं नाही. ती तळघरात उघड्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती, हात मांडीवर, हातात काही नाही. मी म्हटलं, डबा विसरले. (डबा गाडीत होता.) ती म्हणाली, “बरं झालं आलीस,” आणि उठली. मग मी वॉल्टरना फोन केला. काही झालं असतं तर माझं ते उत्तरच कारण ठरलं असतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ता. क. २. बाबांना कळवू नकोस, ते विमानाचं तिकीट काढतील आणि इथे येऊन रडतील. काकू डॉक्टरांकडे जाते, मीच नेते. गोळ्या चालू आहेत. (औषधाच्या.)

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं कारण हे: तिला फोन कर. इथल्या सकाळी नऊनंतर. पहिल्यांदा उचलणार नाही, पुन्हा लाव. पिस्तुलांवरून बोलायचं ते मला बोल, तिच्यापाशी तो विषय नको. पण बाकी कशावरूनही तिला मनसोक्त रागव. ती लोणच्यात मोहरी कमी घालते, ही तुझी जुनी तक्रार आहेच. सात महिने तिच्याशी सगळे दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलताहेत, मीसुद्धा. ती उलटून बोलली तर मला लगेच कळव, इथे कितीही वाजले असोत.