रद्द झालेली लढत

बिन महमूद, दोहा
९ नोव्हेंबर २०२४

ती. शशिताईस,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू भावोजींना विचारतेस, म्हणून लिहितो. थकलोय गं. एसी दुरुस्त करायला आलेला तुझा भाऊ पुण्याहून नाटकं आणायला लागला, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. आता इथली पोरं विनोद झाला की आईला इंग्रजीत अर्थ विचारतात. हॉल भरतो तो फक्त मी भरवलेल्या बॉक्सिंगला.

येत्या शुक्रवारी रामेश्वरची लढत आहे. बीडचा, साइटवर वेल्डर, कामगारांच्या कॅम्पात राहतो. जिंकला तर अल गराफाच्या जिमचा मालक रिफत त्याला कोच म्हणून घेणार, वेल्डिंग खलास. पण तुला माहीत आहे, मी लढत बघत नाही, पाठ फिरवून ऐकतो. गेल्या महिन्यात कानशिलावर ठोसा बसल्यापासून त्याची जीभ जड झालीय, उत्तर उशिरा येतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतो, साहेब, शुक्रवारनंतर. काय करू?

भावोजींना नमस्कार. रागाव, पण उत्तर दे.
तुझा,
प्रताप

नाशिक
११ नोव्हेंबर

चि. प्रतापास,
अनेक आशीर्वाद.

पत्राचा फोटो पोचला. अक्षर अजून कोंबडीने पाय उमटवल्यासारखंच. काय करू विचारतोस, म्हणजे तुझं ठरलंय. शिव्या वाटून घ्यायला कुणी हवंय. लढत थांबव. मात्र त्याच्या डोक्याचं चारचौघांत काढू नकोस. कॅम्पातले त्याला भित्रा म्हणतील आणि जिमवालाही मागे सरेल. नट आजारी पडला की पडद्याबाहेर येऊन तुम्ही जे सांगता, तेच सांग.

स्वप्नाला सांग, नवऱ्याला वेळेवर जेवू घाल.
तुझी,
ताई

दोहा
१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. रिंगमध्ये उभं राहून आपलं जुनं वाक्य म्हटलं, तांत्रिक कारणास्तव लढत रद्द. नाट्यगृहात लोक कुरकुरत उठतात. इथे मागून एकाने विचारलं, दोन माणसं आणि चार दोऱ्या, यात तांत्रिक काय? चोख प्रश्न. तेवढ्यात खुर्च्या आपटायला लागल्या. मग सांगितलं, परवानगीचे कागद मीच वेळेवर दिले नाहीत.

काल इथल्या मराठी मंडळाने जानेवारीचं नाटक आणायचं काम दुसऱ्याला दिलं. कागद विसरणारा माणूस त्यांना नको. स्वप्ना म्हणते, निदान त्यांना तरी खरं सांगा. पण त्यांना सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत ते कॅम्पात पोचेल. रिफत पुढची तारीख विचारतो. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

रामेश्वरला खरं कारण शुक्रवारी दुपारीच सांगितलं होतं. म्हणाला, साहेब, तुमचं एक नाटक पडलं तर तुम्ही दुसरं काढता, मी काय काढू?  आज तपासणीसाठी त्याला कॅम्पातून घ्यायला गेलो. दारात पाच-पन्नास माणसं. कागद विसरलो म्हणून सगळ्यांसमोर त्याने मला असा फाडला की विचारू नकोस. ढोंग किती, खरं किती, हे माझ्याही कानांना कळलं नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. सगळं बोलून झाल्यावर तो गाडीत येऊन बसला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
प्रताप