फोटोतली करपलेली भाकरी

शनिवार, संध्याकाळ. बदनापूर

वाचनगटावर आज हातातल्या कादंबरीचा फोटो टाकला. मागे तव्यावर भाकरी करपतेय, हे लक्षातच आलं नाही. धाकट्या नणंदेचा लगेच फोन. "वहिनी, भाकर जळून राह्यली अन् तुम्ही अनोळखी लोकायला पुस्तकं सांगून राह्यल्या? जल्दी हटवा तो फोटो, लोकं हसतेत!"

हटवणारच होते. पण लाज कशाची? एका भाकरीची?

तेवढ्यात आष्टीच्या कुणा बाईनं फोटोखाली विचारलं, "ताई, कसंय पुस्तक? मी वाचू का?"

या घरात भाकरीची चौकशी रोज होते. काय वाचतेस, हे कुणी कधी विचारलं?

तिला लिहिलं, जरूर वाच, अन् तुझ्या आवडीचंही एखादं सांग.

मग नणंदेला कळवलं, "फोटो राहणार. तू सध्या काय वाचतेस?"